एकाच प्रतीवरचा भरवसा

३१ मार्च हा हिशेबाचा दिवस. व्यापाऱ्यांच्या पेढ्या, सहकारी पतसंस्था, देवस्थान समित्या आणि करसल्लागारांची कार्यालये या दिवशी वर्षभराचे आकडे जुळवण्याच्या घाईत असतात. २०११ पासून याच तारखेला जगभर 'बॅकअप दिन' पाळला जातो, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानीमनी नसते. ज्या संगणकावर हा सारा हिशेब मांडला जातो, तो दुसऱ्या दिवशी सुरूच झाला नाही तर हाती काय उरेल, हा प्रश्न कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही.

गोव्यात या प्रश्नाला ऋतूचीही धार आहे. एप्रिल-मे आला की वळवाच्या विजा, वारंवार खंडित होणारी वीज आणि त्यामागोमाग चार महिन्यांची दमट हवा येते. घराघरांतल्या संगणकांची खरी परीक्षा याच काळात होते. दहावी-बारावीच्या मुलांचे प्रकल्प, नाट्यमंडळांच्या संहिता, पतसंस्थांच्या खतावण्या, दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे अशा कितीतरी गोष्टी आज कागदावर नाहीत. त्या एका यंत्राच्या पोटात आहेत आणि बहुतेक वेळा फक्त तिथेच आहेत.

हा केवळ घरगुती निष्काळजीपणाचा विषय मानला, तर त्याचे गांभीर्य हरवते. जगातील तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या एका राष्ट्रानेही हीच चूक केली आणि ती अलीकडेच उघडी पडली.

देजॉनची आग

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारच्या राष्ट्रीय माहिती संसाधन केंद्राला आग लागली. अखंड वीजपुरवठ्यासाठी बसवलेल्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना ती भडकली. सरकारच्या ७०९ संगणकीय प्रणाली बंद पडल्या आणि त्यांपैकी ९६ प्रत्यक्ष आगीत सापडल्या. त्यांत 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण प्रणालीही होती. सुमारे साडेसात लाख शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ती उघडलेली होती आणि प्रत्येकाला ३० जीबी जागा मिळत असे. या प्रणालीतील ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला.

हानी भरून न येण्याचे कारण साधे होते. या साठ्याची दुसरी प्रत कुठेही ठेवलेली नव्हती. साठा फार मोठा आणि यंत्रणा कमी क्षमतेची, त्यामुळे बाहेर प्रत घेणे शक्य झाले नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले. कामाची कागदपत्रे कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या संगणकावर न ठेवता याच ठिकाणी ठेवावीत, असा सरकारचा आग्रह होता. कर्मचारी व्यवस्थापन मंत्रालयाने तर ते सक्तीचे केले होते आणि सर्वाधिक फटकाही त्याच मंत्रालयाला बसला. आगीनंतर तेथील कर्मचारी वैयक्तिक संगणकांवर उरलेल्या अलीकडच्या फायली, ईमेल आणि छापील कागद यांतून जुळवाजुळव करू लागले. नियम काटेकोर पाळणाऱ्यांचे नुकसान अधिक झाले, आणि ज्यांच्याकडे कुठेतरी एखादी इकडतिकडची प्रत राहिली होती त्यांना आधार मिळाला.

या घटनेतला धडा आगीपुरता नाही. सुरक्षित म्हणून निवडलेली जागा एकच असेल, तर तिची सुरक्षितता कितीही मोठी असली तरी धोकाही तिथेच एकवटतो. घरातील कपाटात ठेवलेली एकुलती हार्ड डिस्क आणि ८५८ टेराबाइटचा सरकारी साठा यांच्यात आकाराखेरीज फारसा फरक उरत नाही.

वेगळी ठेवलेली प्रत

गोव्यालाही याचा अनुभव आलेला आहे. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, राज्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. प्रमुख नद्यांवरील पंधरा केंद्रांकडून येणारी माहिती ज्या सर्व्हरवर जमा होत असे, त्यावरील फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडून देण्यासाठी आभासी चलनात पैसे मागण्यात आले. पाण्याची पातळी क्षणाक्षणाला कळावी म्हणून उभारलेली यंत्रणा, ती माहिती सर्वाधिक हवी असताना हाताबाहेर गेली.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे 'एम्स'वर, असाच हल्ला झाला. रुग्णनोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे कामकाज सुमारे दोन आठवडे कागदावर करावे लागले. रुग्णांचे हाल झाले. मात्र ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळाली. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ती नव्या सर्व्हरवर आणण्यात आली, असे सरकारने संसदेत सांगितले. ती प्रत हल्ल्याच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून ती उपयोगी पडली.

घरच्या संगणकासाठी याचा अर्थ सरळ आहे. अनेक जण मोठ्या हौसेने बाह्य हार्ड डिस्क विकत घेतात आणि ती बारा महिने संगणकाला जोडूनच ठेवतात. खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले, तर ते जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर पोहोचते. वीज कोसळून विद्युतदाब उसळला, तर संगणकाबरोबर डिस्कही जळू शकते. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून वेगळी ठेवणे ही सवय डिस्कच्या किमतीइतकीच मोलाची आहे.

जहाजे आणि प्रती

डेटा जपण्याविषयी आज सर्वत्र सांगितला जाणारा '३-२-१' नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी प्रचलित केला. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी असावी, एवढाच तो नियम आहे. संगणकातील मूळ फाइल ही पहिली प्रत, बाह्य डिस्कवरची दुसरी, आणि क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे ठेवलेली तिसरी.

गोव्याच्या इतिहासाला ही कल्पना नवी नाही. पोर्तुगीज काळात लिस्बन आणि गोवा यांच्यातील राजकीय पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून होत असे. वादळे, खडक आणि शत्रूची जहाजे यांमुळे एखादे गलबत पोहोचेलच याची शाश्वती नसे. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना केल्या जात आणि ती पहिल्या मार्गाची की दुसऱ्या मार्गाची, अशी नोंद प्रतीवर असे. 'मोन्सोंइश दु रैनु' या नावाने ओळखले जाणारे त्या पत्रव्यवहाराचे खंड १५९५ मध्ये सुरू झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात आजही आहेत. एखादे जहाज बुडणार हे गृहीत धरूनच त्या काळचे लेखनिक काम करत. आजचा संगणकधारक मात्र आपले जहाज कधीच बुडणार नाही या समजुतीवर चालतो.

ही समजूत आकड्यांनाही धरून नाही. साठवणसेवा पुरवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो हार्ड डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी नियमितपणे प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये तिच्याकडील बिघाडाचे वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होते. म्हणजे थंड, धूळमुक्त आणि अखंड विजेच्या वातावरणातही दर शंभरांतील एक-दोन डिस्क वर्षभरात निकामी होतात. दमट हवेत, टेबलाच्या कडेला, विजेच्या लपंडावात चालणाऱ्या डिस्कने याहून अधिक निष्ठा दाखवावी अशी अपेक्षा धरण्यास आधार नाही. पेन ड्राइव्ह तर नेण्या-आणण्याचे साधन आहे. वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी त्यावर विसंबू नये.

क्लाउडविषयीचे गैरसमज

'आमचे सगळे गूगलवर आहे' किंवा 'वनड्राइव्हवर आपोआप जाते' असे उत्तर आता सर्रास मिळते. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. या सेवांचे मुख्य काम दोन ठिकाणच्या फायली सारख्या ठेवण्याचे आहे. संगणकावरून एखादी फाइल पुसली की ती क्लाउडवरूनही पुसली जाते. चुकीचा मजकूर जतन केला की तोच तिथेही पोहोचतो. पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते आणि त्यानंतर कायमची जाते. वर्षभरापूर्वीच्या हिशेबाची फाइल चुकून पुसली गेल्याचे आज लक्षात आले, तर समक्रमणाचा उपयोग होत नाही. तिथे जुन्या तारखेची, स्वतंत्र ठेवलेली प्रतच लागते.

दुसरा धोका खात्याचा आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतील सामग्रीसह हटवण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली, तिच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही आणि छायाचित्रे मात्र तिथेच, अशा कुटुंबाच्या हातात वेळ मोजकाच असतो. आपल्या पश्चात खात्यातील माहिती कुणाला मिळावी हे आधीच नेमून ठेवण्याची सोय गूगलमध्ये आहे. ती वापरायला काही मिनिटे पुरतात.

तिसरा धोका नव्या संगणकाबरोबर येतो. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेकांनी विंडोज ११ असलेली नवी यंत्रे घेतली आहेत किंवा घेण्याच्या विचारात आहेत. यांपैकी बऱ्याच यंत्रांत डिस्कवरील माहिती आपोआप कूटबद्ध होते. लॅपटॉप चोरीला गेला तर ही मोठी सोय आहे. पण काही बिघाडानंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागतो. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने संगणक सुरू केला त्यात जतन झालेली असते. अनेकदा ते खाते दुकानदाराने घाईत उघडून दिलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी डिस्क ठणठणीत असूनही त्यातील एक अक्षर वाचता येत नाही. नवा संगणक घरी आला की ती किल्ली शोधून कागदावर उतरवणे आणि तो कागद घराच्या खरेदीखताशेजारी ठेवणे, हे पहिले काम ठरावे.

हरवल्यानंतरचा पहिला तास

एवढे करूनही फाइल हरवली, तर काय? बरेचसे नुकसान मूळ अपघातात होत नाही. त्यानंतरच्या घाबरगुंडीत होते.

जुन्या धाटणीच्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून फाइल पुसणे म्हणजे ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडणे. पाने जागेवरच असतात. त्यांवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत ती वाचता येतात. म्हणून कचरापेटी तपासूनही फाइल मिळाली नाही, तर त्या क्षणी संगणकावरील काम थांबवणे सर्वांत महत्त्वाचे. फाइल परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतले, तर हरवलेल्या पानांवर तेच लिहिले जाण्याचा संभव असतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, शक्य तर तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि मग त्या प्रतिमेवर 'फोटोरेक'सारखे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. मिळालेल्या फायली नेहमी वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात.

नव्या लॅपटॉपमधील एसएसडीची गोष्ट निराळी आहे. 'ट्रिम' नावाच्या आज्ञेमुळे पुसलेल्या फायलींच्या जागा ती स्वतःच रिकाम्या करते. म्हणून एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते. यंत्रे वेगवान झाली, पण चूक सुधारण्याची पूर्वीची सवलत त्यांनी काढून घेतली आहे. प्रतीचे महत्त्व यामुळे पूर्वीपेक्षा वाढले आहे.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती ताबडतोब बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने आतील तबकडी खरवडली जाते आणि तज्ज्ञांनाही काही करता येत नाही. पुराचे किंवा गळतीचे पाणी शिरलेली डिस्क कधीही वीज देऊन तपासू नये. ती उघडू नये आणि हेअर ड्रायरने वाळवूही नये. पुनर्प्राप्ती करणाऱ्या प्रयोगशाळेकडे देताना खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, डेटा न मिळाल्यास किती आकारणी होईल हे विचारावे आणि मिळालेल्या फायलींची यादी पाहूनच पैसे द्यावेत.

खंडणीखोर सॉफ्टवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर प्रथम इंटरनेट तोडावे. पैसे दिल्याने किल्ली मिळेलच याची हमी कुणीही देत नाही. युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' उपक्रमात अशा अनेक सॉफ्टवेअरच्या किल्ल्या विनामूल्य उपलब्ध आहेत. आज किल्ली नसली तरी पुढे मिळू शकते, म्हणून कुलूपबंद फायली पुसू नयेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवावी.

फाइल आहे, मजकूर नाही

मराठी लिहिणाऱ्यांपुढे याखेरीज एक संकट आहे, ज्याची दखल इंग्रजीतील कोणतीही मार्गदर्शिका घेत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीची दोन दशके मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या विशिष्ट टंकांत लिहिला गेला. स्मरणिका, दिवाळी अंक, नाट्यसंहिता, संस्थांची इतिवृत्ते, कितीतरी लेखकांची हस्तलिखिते त्या टंकांत आणि पेजमेकरच्या फायलींत अडकली आहेत. पेजमेकरची ७.० ही शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मधली. फाइल शाबूत आहे, डिस्क चालते, पण टंक नसलेल्या संगणकावर ती उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. न कळणाऱ्या वारसांच्या हातून अशा फायली निरुपयोगी म्हणून पुसल्या जातात.

ही हानी आग किंवा वीज यांच्याइतकी दिसत नाही, पण भाषेच्या दृष्टीने ती कमी नाही. जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी त्यातील टंक जपून ठेवावेत, फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि प्रत्येकीची पीडीएफ प्रतही काढावी. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार यांच्या चुका राहतात, म्हणून ते काम मराठी नीट वाचणाऱ्याच्या नजरेखालूनच जायला हवे. गोव्यातील मराठी संस्था आणि ग्रंथालये यांनी आपल्या परिसरातील लेखकांसाठी हे काम हाती घेतले, तर ते एखाद्या संमेलनाइतकेच उपयोगाचे ठरेल.

उघडून पाहिलेली प्रत

कायदा या बाबतीत फक्त कंपन्यांपर्यंत पोहोचला आहे. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी लागते. नाट्यमंडळ, देवस्थान, लहान दुकानदार किंवा निवृत्त शिक्षक यांना कुणी विचारणार नाही. त्यांनी स्वतःलाच विचारायचे आहे.

आणि विचारताना 'प्रत घेतली का' एवढ्यावर थांबून चालत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली. कंपनीकडे प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या. गरजेच्या वेळी त्यांतील एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने ही कबुली जाहीरपणे दिली, हे तिचे मोठेपण. त्या व्यवस्था कागदावर चोख होत्या. त्यांतून माहिती परत आणून पाहण्याचे काम मात्र कुणी केले नव्हते.

घरच्या संगणकासाठी हीच कसोटी पुरेशी आहे. ज्यांच्या जाण्याने सर्वाधिक दुःख होईल अशा फायली आधी निवडाव्यात. चित्रपट आणि गाणी पुन्हा मिळतात, नातवाचे पहिले पाऊल पुन्हा मिळत नाही. त्यांच्या प्रती एका बाह्य डिस्कवर आणि एका दूरच्या ठिकाणी ठेवाव्यात. महिन्यातला एक दिवस त्यासाठी नेमावा. डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात राहील आणि गडगडाट सुरू होताच संगणकाचा प्लग निघेल, एवढे पाहावे. मग पहिला पाऊस येण्यापूर्वी एखाद्या दुपारी ती प्रत दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातली एक फाइल, एक छायाचित्र आणि एक हिशेबवही उघडून पाहावी. तिन्ही उघडली, तर प्रत आहे असे म्हणता येईल.